म्हणायचं 'यूस्टू', लिहायचं 'यूज्ड टू': नववीच्या एका वर्गातलं प्रकरण

पूर्वी असलेली आणि आता राहिली नाही अशी सवय सांगणारा 'यूज्ड टू' हा इंग्रजीतला प्रयोग दिसायला साधा आहे. शाळेत तो एका तासात शिकवून होतो. पण त्याचा उच्चार, त्याचं स्पेलिंग आणि नकारात किंवा प्रश्नात बदलणारं त्याचं रूप या तीन गोष्टी एकमेकींत अशा अडकलेल्या आहेत की एक सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात, मराठी माध्यमाच्या शाळेत, नेमकं हेच घडलं आणि शेवटी एका गुणाचं भांडण मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेलं. शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वाचताना एवढं लक्षात ठेवावं: 'यूज्ड टू' असं लिहिलं की शेवटी डी असलेलं स्पेलिंग समजावं, 'यूज टू' म्हणजे डी नसलेलं स्पेलिंग, आणि 'यूस्टू' म्हणजे तोंडातून निघणारा उच्चार.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे नववीतल्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची आठ वर्षं असतात. पण ती बहुतेक डोळ्यांची वर्षं असतात. मुलं इंग्रजी पाहतात, उतरवून काढतात, शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहितात आणि तो वाचतात. घरात, एसटीत, बाजारात इंग्रजी बोलणं कानावर पडत नाही. गाईडमध्ये छापलेला उच्चारही देवनागरीतच असतो, आणि बऱ्याचदा तो स्पेलिंग बघून लिहिलेला असतो.

या शाळेत इंग्रजीला नव्या मॅडम आल्या होत्या. उच्चाराच्या बाबतीत त्या काटेकोर. भूतकाळाचा भाग झाल्यावर त्यांनी मुलांना घरी एक काम दिलं: आजी-आजोबांना विचारा, तुमच्या तरुणपणी काय काय असायचं, आणि ते इंग्रजीत लिहून आणा. या तालुक्यात हे काम फार चांगलं जमलं, कारण इथल्या घराघरांतून माणसं मुंबईच्या गिरण्यांमध्ये गेलेली. १९८२ च्या संपानंतर त्यातली कितीतरी गावी परतली. मुलांच्या वह्या लालबाग-परळनं भरून आल्या. एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गाववाले, खानावळीतलं जेवण, दर महिन्याची मनीऑर्डर, गिरणीचा भोंगा. मी तालुक्यातल्या इंग्रजी शिक्षकांच्या गटाचं काम पाहतो. त्या वह्या हातात आल्या तेव्हा व्याकरणाकडे वळण्याआधी मी त्यातला मजकूरच वाचत बसलो.

'ही यूज्ड टू लिव्ह इन लालबाग. ही यूज्ड टू ईट इन अ खानावळ. ही यूज्ड टू सेंड मनी होम.' मराठीत आपण 'राहायचे, जेवायचे, पाठवायचे' म्हणतो, किंवा जरा जुन्या वळणानं 'राहत असत, जेवत असत' म्हणतो. मराठी व्याकरणात याला रीती भूतकाळ म्हणतात. मुलांना अर्थ पक्का कळला होता. पहिल्या वह्यांमध्ये स्पेलिंगही जवळजवळ सगळ्यांचं बरोबर होतं.

एक दुरुस्ती झाली आणि नवी चूक जन्माला आली

ही वाक्यं वर्गात मोठ्यानं वाचायची वेळ आली तेव्हा मुलं 'यूज, ड, टू' असं तुकडे पाडून वाचू लागली. मॅडमनी थांबवलं. "असं कुणी म्हणत नाही. यूस्टू. एका दमात म्हणा." मुलांनी म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि थोड्याच दिवसांत अख्ख्या वर्गाच्या तोंडी 'यूस्टू' बसलं. ग्रामीण शाळेत इतका मोकळा उच्चार क्वचित ऐकायला मिळतो.

पुढच्या खेपेला वह्या तपासायला आल्या आणि डी नाहीसा झालेला होता. ज्या मुलांनी आधी बरोबर लिहिलं होतं, त्यांनीच आता 'ही यूज टू लिव्ह' लिहिलं होतं. याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. देवनागरीत अक्षर गिरवलेलं मूल कानाला जे ऐकू येतं ते लिहितं, तेच त्याला पहिलीपासून शिकवलेलं असतं. डी ऐकू येईनासा झाला, म्हणून लिहिण्यातूनही गेला.

यातून आणखी एक अडचण निघाली आणि ती स्पेलिंगपेक्षा मोठी होती. डी गेल्यावर तो शब्द वर्तमानकाळातला वाटू लागला. 'यूज्ड टू' म्हणजे पूर्वीची सवय, तर 'यूज टू' म्हणजे आत्ताची सवय असणार, असा अर्थ मुलांनी आपणहून लावला आणि 'आय यूज टू गो टू स्कूल बाय बस' अशी वाक्यं यायला लागली. मराठीत 'मी एसटीनं जायचो' आणि 'मी एसटीनं जात असतो' ही जोडी आहेच, मग इंग्रजीतही असेल, हा तर्क अगदी सरळ आहे. पण आजच्या इंग्रजीत ही जोडी पूर्ण नाही. आत्ताची सवय साध्या वर्तमानकाळातच सांगायची: 'आय गो टू स्कूल बाय बस', हवं तर मध्ये 'यूज्वली' घालून. हे 'आय यूज टू' नववीच्या मुलांपुरतं नाही. मुलाखतीला बसलेल्या पदवीधरांच्या तोंडूनही ते ऐकू येतं, आणि समोरचा माणूस गोंधळतो: हा पूर्वीचं सांगतोय की आत्ताचं?

घटक चाचणीतला एक गुण

चाचणीत मॅडमनी एका गुणाचा प्रश्न घातला: 'ही यूज्ड टू लिव्ह इन लालबाग' हे वाक्य नकारार्थी करा. अपेक्षित उत्तर होतं 'ही डिड नॉट यूज टू लिव्ह इन लालबाग.' वर्गात नकाराचं उदाहरण फळ्यावर ओझरतंच झालं होतं.

काही मुलांनी अपेक्षित उत्तर लिहिलं. बऱ्याच जणांनी डीसकट 'डिड नॉट यूज्ड टू' लिहिलं. एका मुलीनं 'नेव्हर यूज्ड टू' लिहिलं. आणि एका मुलानं 'यूज्ड नॉट टू' लिहिलं, कारण त्याचा अभ्यास घरी त्याचे आजोबा घ्यायचे आणि ते इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. मॅडमनी अपेक्षित उत्तराला गुण दिला आणि बाकीच्या सगळ्यांना शून्य.

त्याच आठवड्यात दोघं जण शाळेत आले. एक होते एका मुलीचे मामा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारे. त्यांनी फोन पुढे केला. "मॅडम, मला रोज अमेरिकेतून मेल येतात. तिकडचे लोक डिडन्ट यूज्ड टू असंच लिहितात, डी लावून. हे बघा, बातमीतसुद्धा आहे. मग माझ्या भाचीचं चुकलं कुठं?" दुसरे ते आजोबा, ज्यांना गावात सगळे गुरुजी म्हणतात. त्यांचं म्हणणं याच्या अगदी उलट. "बाई, डिड लावायची गरजच काय? यूज्ड नॉट टू. आम्हाला असंच शिकवलं आणि आम्ही असंच शिकवलं."

मुख्याध्यापक विज्ञानाचे. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता आणि म्हणूनच अवघड होता: "एका वाक्याची इतकी उत्तरं बरोबर असू शकतात का? असतील तर तसं सांगा, नसतील तर कोणतं एक ते सांगा." हा प्रश्न तालुक्याच्या गटाकडे आला.

कानाला काय कळतं आणि कागदाला काय

निर्णयाआधी या प्रयोगाची नीट उकल करणं भाग होतं. ती सुरू झाली शिक्षकखोलीत, आणि इंग्रजीच्या नव्हे तर मराठीच्या सरांनी केली. 'यूज्ड' मधला डी कुठे जातो, असं मॅडम विचारत होत्या. सर म्हणाले, "ही तर प्रथम व्यंजन संधी. विपद् आणि काल मिळून विपत्काल. क्षुध् आणि पिपासा मिळून क्षुत्पिपासा. पुढे कठोर व्यंजन आलं की मागचं मृदू व्यंजन कठोर होतं."

तत्त्व तेच आहे. 'यूज्ड' च्या शेवटी दोन मृदू, घोष ध्वनी आहेत, आणि पुढच्या 'टू' चा आरंभ कठोर 'ट' नं होतो. त्या 'ट' च्या ओढीनं आधीचा 'ड' त्याच्यातच मिसळून जातो आणि 'ज' सारखा ऐकू येणारा घोष ध्वनी 'स' होतो. 'हॅव टू' बोलताना 'हॅफ्टू' होतं आणि 'हॅज टू' चं 'हॅस्टू' होतं, तेही याच कारणानं. मराठी व्याकरणात जे मुलांनी उदाहरणांसकट पाठ केलेलं आहे, तेच इंग्रजी बोलण्यात घडतं. फरक एवढाच की मराठीत आपण विपत्काल लिहितोही तसंच, इंग्रजीत मात्र संधी तोंडात होते आणि कागदावर तिची खूण उमटत नाही.

मग पुढचा प्रश्न. ही संधी प्रत्येक वेळी होते का? नाही, आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. मुलांच्या वह्यांमधल्याच एका आजोबांची तीन वाक्यं घेतली.

आजोबा पहाटे उठायचे: 'ही यूज्ड टू वेक अप अर्ली.' इथे उच्चार 'यूस्टू', आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप.

आजोबांना पहाटे उठायची सवय आहे, गिरणी सुटली तरी गेलेली नाही: 'ही इज यूज्ड टू वेकिंग अप अर्ली.' उच्चार पुन्हा 'यूस्टू', पण मागे 'इज' आहे आणि पुढे 'आयएनजी' लागलेलं रूप, कारण इथला 'टू' शब्दयोगी अव्यय आहे. त्याच्यापुढे नाम चालतं, 'ही इज यूज्ड टू नॉइज', म्हणून क्रियापद यायचं तर ते नामासारखं होऊनच येतं. सवय नव्यानं लागत असेल तर 'इज' च्या जागी 'गेट' किंवा 'गॉट'.

भोंगा कामगारांना उठवायला वापरला जायचा: 'द सायरन वॉज यूज्ड टू वेक द वर्कर्स.' इथे 'यूज्ड' म्हणजे वापरलेला. सवयीचा इथे संबंध नाही. उच्चार 'यूज्ड', घोष 'ज' स्पष्ट. दोन शब्द इथे एकजीव झालेले नाहीत, म्हणून संधीही होत नाही.

तिन्ही वाक्यांत स्पेलिंग अक्षरशः एकच. 'यूज्ड टू' एवढेच शब्द पाहिले तर पहिल्या दोन वाक्यांपासून तिसरं वेगळं काढतो तो फक्त कान. म्हणजे मॅडमनी उच्चारावर जो जोर दिला होता तो हौसेपोटी नव्हता, त्या उच्चारात अर्थ होता. फक्त तो अर्थ मुलांपर्यंत पोचला नव्हता. त्यांना 'असं म्हणतात' एवढंच कळलं होतं.

उलट, 'डिड' आल्यावर डी ठेवायचा की काढायचा, हे कानाला मुळीच कळत नाही. 'डिड ही यूज टू' आणि 'डिड ही यूज्ड टू' बोलून दाखवा, दोन्ही 'यूस्टू' च ऐकू येतात. हा भेद फक्त कागदावर राहतो. अमेरिकेतली, इंग्लंडमधली माणसं इथे का अडखळतात आणि डी का लावून बसतात, याचं कारण यातच आहे: त्यांच्याही कानाला मदत नाही, आणि 'यूज्ड टू' हा शब्दसमूह डोळ्याला गोठलेला आहे. मामांनी दाखवलेला दाखला खरा होता. छापील इंग्रजीत 'डिडन्ट यूज्ड टू' भरपूर सापडतं. केंब्रिज शब्दकोशाच्या व्याकरण विभागातही दोन्ही रूपं आढळतात असं सांगितलं आहे, पण त्याला जोडून हेही सांगितलं आहे की डी असलेलं रूप अनेकांना चूक वाटतं, म्हणून परीक्षेत ते लिहू नये.

नियम मात्र मुलांना आधीच येत होता. 'डिड ही गो', 'डिड ही वेंट' नव्हे. भूतकाळ एकदा 'डिड' नं उचलला की मुख्य क्रियापद मूळ रूपात येतं. त्याच न्यायानं 'डिड ही यूज टू'. वाक्याच्या शेवटी जोडायचा छोटा प्रश्न, म्हणजे प्रश्नपुच्छ, लावून पाहिलं तर तेही दिसतं: 'ही यूज्ड टू लिव्ह देअर, डिडन्ट ही?' होकारार्थी वाक्यातही 'डिड' आत लपलेलाच असतो.

राहिलं गुरुजींचं 'यूज्ड नॉट टू'. तेही चूक नाही. जुन्या ब्रिटिश वळणात 'यूज्ड' ला 'कॅन', 'मस्ट' यांच्या पंक्तीला बसवत. नकारासाठी थेट 'नॉट' लावत, प्रश्नासाठी 'यूज्ड ही टू' असा क्रम उलटत, आणि संक्षेप 'यूज्डन्ट' असा स्पेलिंगमध्ये डी ठेवून पण बोलताना 'यूसन्ट' असा करत. आज हे रूप औपचारिक आणि जुनाट वाटतं, कानावर जवळजवळ पडतच नाही. 'नेव्हर यूज्ड टू' मात्र पूर्ण चालतं आणि बोलण्यात ते सगळ्यात सहज येतं. त्या मुलीला शून्य मिळणं हा मला या सगळ्यातला खरा अन्याय वाटला.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापकांसमोर चर्चा झाली तेव्हा पहिला सोपा मार्ग पुढे आला तो प्रश्नच रद्द करून सगळ्यांना गुण देण्याचा. भांडण मिटलं असतं. पण 'ही नॉट लिव्ह लालबाग' लिहिणाऱ्यालाही गुण गेला असता, आणि मुलांना नेमकं बरोबर काय ते कधीच कळलं नसतं.

दुसरा मार्ग, मॅडमचा मूळ निर्णय कायम ठेवण्याचा. फळ्यावर जे शिकवलं तेच बरोबर. यात शिस्त आहे, पण प्रश्न 'नकारार्थी करा' एवढाच होता. 'डिड वापरून' असं म्हटलं नव्हतं. मग 'नेव्हर' ला आणि 'यूज्ड नॉट टू' ला नाकारायला आधार उरत नाही.

तिसरा, मामांचा: जे छापून येतं ते सगळं मान्य करा. हे पटण्यासारखं आहे, आणि भाषेचा अभ्यास करणारा माणूसही वापरालाच प्रमाण मानेल. माझी अडचण वेगळी होती. ही मुलं पुढच्या वर्षी दहावीच्या कृतिपत्रिकेत 'डू ॲज डायरेक्टेड' छापाचे प्रश्न सोडवणार. तिथे उत्तर तपासणारा परीक्षक अनोळखी असतो, आणि त्याच्याशी वाद घालायला कुणाचे मामा पोचू शकत नाहीत. अशा ठिकाणी मुलाच्या हाती असं रूप हवं ज्यावर आजचा कोणताही शब्दकोश बोट ठेवणार नाही. ते 'डिड नॉट यूज टू' आहे, किंवा 'नेव्हर यूज्ड टू'.

अर्धा गुण देण्याची सूचनाही आली. ती लगेच मागे पडली. अर्ध्या गुणानं मुलाला 'थोडं चुकलं' एवढंच कळतं. कुठे चुकलं ते कळत नाही.

काय ठरलं आणि काय केलं

'डिड नॉट यूज टू', 'नेव्हर यूज्ड टू' आणि 'यूज्ड नॉट टू' या तिन्हींना पूर्ण गुण द्यायचं ठरलं. 'डिड नॉट यूज्ड टू' ला या चाचणीपुरता गुण द्यायचा, पण डी ला लाल गोल करून परत द्यायचं आणि पुढच्या चाचणीपासून गुण द्यायचा नाही. या शेवटच्या मुद्द्यावर बराच वेळ गेला. मॅडमना तो ढिलाईचा वाटत होता. माझं म्हणणं असं होतं की जो भेद कानाला ऐकू येत नाही आणि फळ्यावर ओझरता झाला, त्यासाठी पहिल्याच वेळी मुलाला दंड करू नये. मुख्याध्यापकांनी हे मान्य केलं.

मग वर्गात काम सुरू झालं. मॅडमनी आधी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. आजोबांची आणि भोंग्याची वाक्यं नुसती म्हटली आणि मुलांना हात वर करायला सांगितलं: 'यूस्टू' ऐकू आलं तर सवय, 'यूज्ड' ऐकू आलं तर वापर. मुलांचा कान आश्चर्य वाटावं इतका तयार होता. त्यानंतर मराठीच्या सरांना वर्गात बोलावून संधीचं उदाहरण त्यांच्याच तोंडून सांगितलं. विपत्काल आणि यूस्टू एकाच फळ्यावर आले तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकली.

लिहिण्यासाठी मॅडमनी एकच प्रश्न दिला: वाक्यात 'डिड' आहे का? असेल तर डी त्याच्याकडे गेला, इथे लिहायचा नाही. नसेल तर डी लिहायचाच, ऐकू आला नाही तरी. मुलांनी जुन्या वह्या काढून आपापलीच वाक्यं या प्रश्नानं तपासली.

'आय यूज टू गो' या चुकीसाठी वेगळा तास घ्यावा लागला. मॅडमनी इथे मुलांना एक गोष्ट सांगितली जी सांगायलाच हवी होती: तुम्ही कल्पिलेलं रूप इंग्रजीत एके काळी खरोखर होतं. १६३७ साली मिल्टननं लिहिलेल्या एका शोककवितेत 'इतर लोक करतात तसं' या अर्थानं हे क्रियापद वर्तमानकाळात आलेलं आहे. इंग्रजीनं पुढे त्या जोडीतला वर्तमानकाळ सोडून दिला आणि भूतकाळ तेवढा ठेवला. ज्यांची चूक झाली होती त्या मुलांचे चेहरे हे ऐकून बदलले. चूक ती चूकच राहिली, पण ती आता अडाणीपणाची वाटेना.

मामांना फोनवरच केंब्रिजची नोंद दाखवली. ती वाचून त्यांनी परीक्षेपुरता मुद्दा मान्य केला. मेलमधले लोक चुकतात असं ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही तसं म्हणालो नाही. गुरुजींना नातवाचा गुण मिळाला, पण 'डिड' काही पटलं नाही. ते आजही घरी 'यूज्ड नॉट टू' च शिकवतात. नातवाला दोन्ही येतात.

परिणाम

होकारार्थी वाक्यातला डी बहुतेक वह्यांमध्ये परत आला. उच्चार टिकला. 'डिड नॉट यूज टू' सत्राच्या परीक्षेत बरंच सुधारलं. प्रश्नार्थक वाक्यात मात्र डी अजून शिरतो, कारण तिथे 'डिड' आणि 'यूज' यांच्यामध्ये कर्ता येतो, आणि दोघांचा संबंध मुलांच्या नजरेतून सुटतो.

'आय यूज टू' कमी झालं, गेलं नाही. 'सवय आहे' चं रूप सगळ्यात चिवट निघालं. 'ही इज यूज्ड टू वेक अप' असं मुलं अजूनही लिहितात. मराठीत 'उठायचे' आणि 'उठायची सवय' या दोन्हींत 'उठाय-' तेच राहतं, त्यामुळे इंग्रजीत एकीकडे 'वेक' आणि दुसरीकडे 'वेकिंग' का, हे मनात ठसायला वेळ लागतो. आणखी एक चूक उशिरा दिसली: 'ही यूज्ड टू लिव्ह इन लालबाग फॉर ट्वेल्व्ह इयर्स.' नेमकी किती वर्षं ते सांगायचं झालं तर इंग्रजीत साधा भूतकाळ लागतो, 'ही लिव्ह्ड'. याकडे आमच्यापैकी कुणाचंच आधी लक्ष गेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

उच्चार सुधारला त्याच तासाला 'ऐकू येत नाही, पण लिहायचा' असं सांगून मुलांकडून डी लिहून घेतला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं. मुलांना तोंडातला बदल शिकवताना कागदावर काय बदलत नाही हेही त्याच क्षणी सांगावं लागतं. 'सपोज्ड टू' चं अगदी असंच होतं. बोलताना 'सपोस्टू', आणि वह्यांमध्ये डी नसलेलं 'सपोज टू'. तो शब्द शिकवण्याआधी मॅडमनी आता हे ध्यानात ठेवलं आहे.

चाचणीचा प्रश्न 'डिड नॉट वापरून नकारार्थी करा' असा हवा होता. एवढ्या तीन शब्दांनी गुरुजींचा आणि 'नेव्हर' लिहिणाऱ्या मुलीचा प्रश्न उभाच राहिला नसता. ज्या प्रयोगाची एकाहून जास्त रूपं मान्य आहेत, त्यावर प्रश्न काढताना कोणतं रूप हवं ते प्रश्नातच सांगावं, नाहीतर येणारी सगळी मान्य रूपं स्वीकारायची तयारी ठेवावी.

मधल्या काळात मॅडमनी श्रुतलेखनातही 'डिड यू यूज टू' घातलं होतं. ते नको होतं. ऐकून लिहायच्या कामात, ऐकून जो भेद कळूच शकत नाही त्यावर गुण कापणं योग्य नाही. हा प्रयोग वाचून, वाक्य बदलून, रिकामी जागा भरूनच तपासता येतो. श्रुतलेखनात घ्यायचंच असेल तर भोंग्याचं आणि आजोबांचं वाक्य घ्यावं आणि मुलांना स्पेलिंग न विचारता अर्थ मराठीत लिहायला सांगावा.

तिन्ही रूपं एकाच आठवड्यात आणणंही मला घाईचं वाटतं. 'यूज्ड टू' चा होकार, नकार आणि प्रश्न आधी पक्का व्हायला हवा होता. 'इज यूज्ड टू' त्यानंतर, आणि तेही आधी नुसत्या नामाबरोबर: 'यूज्ड टू नॉइज', 'यूज्ड टू द हीट'. नाम बसलं की 'वेकिंग' त्या जागी आपोआप बसतं. चाचणीचा वाद निघाल्यामुळे सगळं एकदम सांगावं लागलं, आणि 'आयएनजी' ची चूक उरली त्याचं मुख्य कारण तेच असावं.

गाईडमधल्या देवनागरी उच्चाराचा प्रश्न शाळेच्या हातात नाही. तोवर या वर्गातल्या मुलांनी गाईडच्या त्या पानावर 'यूज्ड टू' खोडून पेन्सिलीनं 'यूस्टू' लिहिलं आहे, आणि शेजारी कंसात 'सवय असेल तरच'.